आंबवण

लिनश्याच्या जुन्या बाजारामागे आमचं नूडल्सचं दुकान.
पहाटे चारला मू ताओहान कणीक ओढायला घ्यायचा,
एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ,
आणि मी मागून जाऊन त्याचं तोंड हुंगायचे.

हो, हुंगायचे. आता काय लपवायचं?
ज्या माणसानं जन्मात दारूला बोट लावलं नाही,
ज्याच्या बापानं खोकल्याचं औषध
बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून परत केलं,
त्याच्या श्वासाला वास येत होता.
रोज. जेवणानंतर तासाभरानं.
गाल लाल, जीभ जड,
शपथ मात्र खणखणीत.

मी पिठाच्या पोत्यांत कोपरापर्यंत हात घातले.
कोळशाचा ढीग उपसला.
बाटली सापडेना, म्हणून राग आणखीच चढला.
मशिदीत कुणी काही बोललं नाही.
फक्त रांगेत त्याच्या शेजारची जागा
हळूहळू एका माणसाएवढी रुंद झाली.

लान्चौच्या इस्पितळात डॉक्टर यान बाईंनी
पडद्यावर त्याचं यकृत दाखवलं.
पांढुरकं,
आमच्याकडच्या मेंढीच्या शेपटीतल्या चरबीसारखं.
"किती वर्षं पितात?"
विचारलं मला, त्याला नाही.
तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता.
मी म्हणाले, "माहीत नाही."
"पीत नाही" असं म्हणाले नाही.

मग त्याला एका खोलीत ठेवलं,
साखरेचं पाणी पाजलं, तासातासाला रक्त काढलं.
आत नर्स, दाराबाहेर मी.
माशी गेली असती तरी दिसली असती.
दुसऱ्या तासाला त्याच्या रक्तात दारू निघाली.

यान बाईंनी कागदावर आतडं काढलं.
वाईट काढलं, भिजलेल्या दोरीसारखं.
म्हणाल्या, जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात,
बरेचसे भले, भाडं देऊन राहणारे.
ह्यांच्याकडे एका जातीनं ठाण मांडलंय.
हे नूडल्स खातात, ते दारू गाळतात.
आतड्याचं अस्तर झिजतं, आणि फटींतून
दारू, मेलेल्या जंतूंचा चुरा,
सगळं एका शिरेनं थेट यकृतात.
तिथे पहारेकरी पेशी बसलेल्या.
परकं दिसलं की गिळायचं, एवढंच त्यांना ठाऊक.
पण रोज रात्री हाकाटी, रोज रात्री मारामारी;
चोर राहतो बाजूला,
घराच्याच भिंती पडतात.

मला शिरा कळत नाहीत. आंबवण कळतं.
सोललेले ओट शिजवून, आंबवण चोळून
मी मडकं रजईत गुंडाळून ठेवते.
दुसऱ्या रात्री कान लावला तर आत कुजबुज ऐकू येते.
गोडी उतरली की लगेच काढायचं,
एक रात्र जास्त झाली तर ते आपलं राहत नाही.
त्याच्या पोटातलं मडकं
किती रात्री तसंच राहिलं होतं?
आणि मी बाहेरून पोती चाचपत होते.

त्याची आई त्याला "काळीज-यकृत" म्हणायची.
आमच्या बोलीत लाडक्या लेकराला
असंच हाक मारतात, दोन्ही एका दमात.
त्यातलं एक यंत्राला दिसलं.
पहारा करता करता मी दुसऱ्याचं काय केलं,
त्याची तपासणी नाही.

औषधं झाली. पीठ बंद झालं.
आता तो दिवसाला चारशे वाट्या ओढतो
आणि स्वतः कोबी खातो, घेवडा खातो,
रस्सा पितो, नूडल्स बाजूला सारून.
सहा महिन्यांनी यकृत जरा काळवंडलं.
जराच. यान बाई म्हणाल्या,
जंतू परत येतात कधी कधी, लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा, मला म्हणाल्या.

रात्री जेवण झालं की
तो हात पुसत माझ्यासमोर येतो
आणि मी काही न म्हणताच तोंड उघडतो.
मी मान फिरवते.
तो तसाच उभा राहतो.