त्र्याण्णव, पंच्याण्णव

हॅरिस्मिथच्या वेशीवर, जिथून रस्ता
घाट उतरून समुद्राकडे निघतो,
तिथे दोन नळ्यांची राखण माझ्याकडे.
त्र्याण्णव डावीकडे, पंच्याण्णव उजवीकडे,
मधे मी. रात्रपाळी. हातमोजे फाटलेले,
छातीवर बिल्ला: ममेलो.

पगार झाला की न्ताते सेखोबेला येतात,
शाळेत भूमिती शिकवणारे,
पांढऱ्या टॅझमधून, जिचं मागचं दार दोरीनं बांधलेलं.
काच खाली करतात (हातानं, अकरा फेरे)
आणि म्हणतात, ‘आज पंच्याण्णव घाल, पोरी.
महिनाभर बिचारीनं नुसतं मक्याचं पीठ गिळलंय.
एक दिवस तरी मटण.’

मी घालते.
विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा इथला पहिला नियम.
दुसरा: काच पुसताना आतल्याच्या डोळ्यांत बघायचं नाही.

पुढच्या महिन्यात ते सांगतात
गाडी कशी हलकी झाली, चढावर कशी गुणगुणली.
मी मान डोलावते. पी हळद नि हो गोरी.
त्या दिवशी ते स्वतःच
गियर जरा प्रेमानं टाकत असणार.

परवा मात्र विचारलं.
नळी अजून माझ्या हातातच होती.
‘खरं सांग. फरक पडतो?’

मग सांगितलं,
टायरवाल्या त्लाडीनं मला सांगितलेलं,
थोडं माझ्या पदरचं घालून:
न्ताते, आकडा म्हणजे ताकद नव्हे.
आकडा म्हणजे धीर.
पिस्टन वर येतो, सगळ्यांना कोपऱ्यात चेपत आणतो,
कोंडलेल्या खोलीत उकडायला लागतं,
आणि तरी ठिणगीची वाट बघायची असते.
कमी धीराचं पेट्रोल म्हणजे उतावळा नवरा,
गुडघ्याला बाशिंग.
मुहूर्ताआधीच पेटतं,
आणि इंजिनाच्या आत टकटक,
कुणी चुकीच्या घराचं दार ठोठावल्यासारखी.
पंच्याण्णवाला धीर थोडा जास्त, इतकंच.
पण तुमची टॅझ मुळात चेपते ती किती!
त्यात इथली हवा विरळ, सोळाशे मीटरवरची,
हिचा श्वास छातीभर कधी होतच नाही.
जिच्यात कुणी एवढं दाबतच नाही,
तिनं धीर विकत घेऊन करायचं काय?

बोलले आणि गप्प झाले.
ममेलो म्हणजे आमच्या भाषेत तेच: धीर.
दोन बाळं गेल्यावर आईनं ठेवलेलं.
ट्रकवाले नोट हातात देत नाहीत, जमिनीवर टाकतात.
मी वाकते, उचलते, सुटे मोजून देते.
कुठे टकटक ऐकू येत नाही.

न्ताते हसले नाहीत.
काचेवरल्या भेगेवर बोट फिरवत म्हणाले,
‘उद्या डर्बनला जायचंय. धाकटी पदवी घेतेय.
खाली समुद्राशी हवा जाड असेल ना?’
असते.
‘मग आज तरी पंच्याण्णव चालेल?’
म्हटलं, पोचेपर्यंत निम्मं घाटातच जळेल,
हवंच असेल तर तिथे उतरून भरा.

विचार केला त्यांनी.
भूमितीवाल्यासारखा, ओठ हलवत.
मागे एक टँकर भोंगा वाजवत उभा.
‘त्र्याण्णव घाल,’ म्हणाले. ‘आणि वर
वीस रँडचं पंच्याण्णव. तिच्या नावानं.’

वीस रँडचं म्हणजे लिटरभरही नाही.
टाकीत गेल्यावर कुणाचं काय, कोण ओळखणार.
मी दोन्ही नळ्या वापरल्या, दोन्ही झाकणं लावली,
काच पुसली,
आणि दुसरा नियम मोडला.
डोळे लाल होते. झोप नसेल. किंवा काय.

मागे गेले तर दोरीची गाठ सैल.
दात लावून आवळली,
पुन्हा एक फेरा दिला, पुन्हा एक.
घाटात वारा असतो.