आभासी झोत

ग्युम्रीत रात्रीचे अकरा. हीटर एकच, माझ्या पायाशी.
लुंडहून टोर्बियर्न विचारतो:
"शटर उघडण्याआधी बॅज लावलात ना?"
झोत खोटा, यंत्रही पडद्यावरचं,
तरी हात स्वेटरवर छातीशी गेलाच.

क्ष-किरणांना इलेक्ट्रॉनांची गर्दी लागते,
हायड्रोजन त्यांच्या खिजगणतीत नाही.
न्यूट्रॉन शिशातून सरळ चालत जातो
आणि थेंबभर पाण्याशी अडखळतो.
वहीत लिहिलं: अडखळणं म्हणजेच पाहणं.
मग खोडलं. परीक्षेला हे चालायचं नाही.

माझा नमुना टफ, इथला काळा दगड.
भूकंपानंतर आमची एकच भिंत उभी होती,
नवं घर तिलाच जोडून बांधलं.
आई तिला पाठ टेकत नाही. ओल आहे म्हणते.
मी कितीदा हात फिरवलाय, कोरडी ठणठणीत.

प्रश्न सातवा: पाणी दगडात कुठे आहे?
तेवढ्यात नेट अडकलं,
टोर्बियर्नचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.
मी उठले, अंधारात भिंतीला गाल लावला.
बराच वेळ.

"शुशानिक? उत्तर?"
"आई म्हणते तिथे," मी बोलले, आमच्या भाषेत.
माइक बंद होता.
मग पर्याय 'ब' निवडला. चुकला.