च्वांगची झारी

नव्या राष्ट्राध्यक्षांचा निर्णय रेडिओवर आला
खोबऱ्याचा भाव आणि
उत्तरेच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटीचं वेळापत्रक
यांच्या मधोमध.
एका वाक्यात एक देश मिटला,
दुसऱ्या वाक्यात दुसरा उघडला.
मग बोट: मंगळवारी नाही, गुरुवारी.

काओतिनांग तेव्हा वाफ्यात होती.
बोटीचं तेवढं तिनं लक्षात ठेवलं.

प्रवाळाच्या या चिंचोळ्या पट्टीवर
माती नाहीच म्हणा ना.
जी आहे ती च्वांगनं केलेली:
माशांची डोकी, नीरफणसाची पानं,
नारळाची सोडणं, आणि नऊ वर्षं.
त्यातून कोबी आला. मग काकडी आली.
पहिली काकडी बघायला
अख्खं गाव आलं होतं, बारशाला यावं तसं.

आता च्वांगच्या हातात चार दिवस होते.
दूतावासाचा झेंडा पहिल्याच दिवशी उतरला,
पितळी पाटी दुसऱ्या;
भिंतीत चार भोकं उरली,
त्यांत मुंग्या राहायला आल्या.
चौथ्या दिवशी पहाटे, विमान गाठायच्या आधी,
तो येऊन कोबीला पाणी घालून गेला.
त्याच्याकडूनच शिकलेला शब्द
तिनं त्याला परत दिला: शिएशिए.
त्यानं मान हलवली,
झारी तिच्या हातात ठेवली.

(जुन्या अध्यक्षांच्या कॅलेंडरवर
हीच झारी होती, जून महिन्यात,
'चिरंतन मैत्री' या अक्षरांखाली.)

दीड महिन्यानं नवे आले.
यांचं विमान मोठं, यांचा नकाशा मोठा,
नकाशात बंदर होतं, रस्ता होता,
तिचा वाफा तेवढा नव्हता.
मंत्र्यांचा सचिव बुरेन्ताऊ
घाम पुसत पुढे पुढे.
गंग नावाची तरुण अधिकारी मात्र
वाफ्याशी रेंगाळली, काकडी मोडून खाल्ली,
आणि पिशवीतून बियांची दोन पाकिटं काढून
तिच्या मातकट हातावर ठेवली.

काओतिनांगच्या तोंडून निघून गेलं: शिएशिए.

पोरगी दचकली. मग खुलली.
"ही तर आमची भाषा! कुठे शिकलात?"

बुरेन्ताऊला ठसका लागला.
दुभाषा आभाळात ढग शोधू लागला.
अख्खं परराष्ट्र धोरण क्षणभर
काकडीच्या देठाला लोंबत राहिलं.

"हिनंच शिकवलं," काओतिनांग म्हणाली,
आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला.

पुढे भाच्याचं पत्र आलं.
तेइतोई डॉक्टर होत होता च्वांगच्या देशात,
चौथं वर्ष. आता त्याला
पल्याडच्या शहरात हलवलंय,
पुन्हा दुसऱ्या वर्षात बसवलंय.
लिहितो: मावशी, बोली तीच आहे गं.
अक्षरंही ओळखीची,
फक्त त्यांच्या रेघा कमी केल्यात.
परवा एक शब्द सवयीनं जुना लिहिला,
मास्तरांनी लाल शाईनं गोल केला.

तिला ती लिपी येत नाही.
तरी वाफ्याच्या कडेला बसून
ती बराच वेळ त्या रेघांचा विचार करत राहिली,
काढून टाकलेल्या.
कुणी नीट गुंडाळून ठेवल्या असतील का,
पुढच्या निवडणुकीपर्यंत?

मग उठली. गंगच्या बिया पेरल्या,
च्वांगच्या झारीनं पाणी घातलं.
झारी हल्ली बुडाशी गळते.
दुरुस्तीसाठी कुठल्या देशाला सांगायचं,
ते अजून ठरलेलं नाही.