बरोबरी

ओझुर्गेतीच्या शाळेतली व्यायामशाळा. सत्तावीस पट मांडलेले.
बाहेर डिसेंबर, पर्सिमनची झाडं नागवी,
फळं तेवढी अजून लटकून.
मी उशांगी. पंच. तीस वर्षं
पोरांच्या हातांकडे बघत आलोय.
चेहरे खोटं बोलायला लवकर शिकतात.

काल रात्री जुनी वही चाळली.
मुलगा हरला, वेळ संपत आलेली: 'घाई केली.'
मुलगी हरली, वेळ तेवढीच: 'घाबरली.'
पानामागून पान. अक्षर माझंच.
चष्मा पुसून पुन्हा चाळली.

आज पाचव्या पटावर ग्वांत्सा, तेरा वर्षांची.
समोर वाखो, पंधराचा,
टेबलाखाली त्याचा गुडघा थांबायला तयार नाही.
तिच्याकडे एक प्यादं जास्त.
तरी चौतिसाव्या चालीला हळूच म्हणाली,
"बरोबरी?"

मुली विचारतात. जिंकत असतानाही विचारतात,
दुसऱ्याच्या घरात पाणी मागावं तसं.
मुलगे हरत असतानाही नको म्हणतात.
वाखोनं मान हलवली.
भिंतीशी त्याचे वडील, हाताची घडी घालून.
त्या पोराला हो म्हणायची
मुभा कुठे होती?

मग वेळ पातळ होत गेली.
त्याची पेन्सिल मोडली. मी दुसरी दिली,
ती हातातल्या घामानं निसटली.
तिच्या घड्याळात अकरा सेकंद,
आणि ही पोरगी खाली वाकली,
बुटाची सुटलेली नाडी बांधायला.
दुहेरी गाठ.
वर आली तेव्हा चार.

आमच्याकडे तिरक्या चालीच्या सोंगटीला कासव म्हणतात.
तिनं कासव उचललं,
पटाच्या या टोकाहून त्या टोकाला ठेवलं,
जराही आवाज न करता.
वाखोनं राजा आडवा केला. मला वाटतं
त्याला थोडं हलकंच वाटलं असेल.

ती सही करायला आली.
तिची पेन्सिल पाहिली मी,
मागच्या टोकाला पार शिसापर्यंत चावलेली.

शेऱ्याच्या रकान्यात, वाखोच्या नावापुढे,
तीस वर्षांत पहिल्यांदा एका मुलासाठी
'घाबरला' लिहिलं.
भिंतीकडे बघितलं.
खोडलं.
तिच्या नावापुढे लिहिलं, 'नाडी बांधली.'
कागद माझ्या तळव्याला
चिकटून वर आला.