तीन इंची

गंजगोलाईला तिसरा फेरा मारून
शेवटी मन्मथअप्पाच्या दुकानापुढं गाडी लावली.
"दैवशाला, आज तरी घेतीस का नुसतंच बगतीस?"
"नवरा न बघता केला, अप्पा.
मशीन तरी बघून घेऊ द्या."
आतला पोरगा हसला. अप्पा हसले नाहीत,
डबे काढायला स्टुलावर चढले.

पहिली सात इंची.
दोन्ही हातांनी धरायची, बोनेटला चांगली, टपाला चांगली.
हिच्या बहिणीशी माझं आधीच वाजलंय.
मागच्या उन्हाळ्यात मुरूडच्या मास्तरांच्या स्कूटीचं
साईड पॅनल घेतलं होतं तिच्याखाली.
एका श्वासात धार खाल्ली तिनं.
रंगाखालून प्रायमर वर आला,
गुडघा सोलटल्यावर आधी पांढरं दिसतं ना,
रक्त यायच्या आधी, तसा.
मास्तर काही बोलले नाहीत. पैसे पूर्ण दिले.
तेच जास्त लागलं.

खाजामियाँ सांगून थकले होते,
"किनारे पो हात हलका रखना, माँ.
किनारे पो सबका चमडा पतला रैता."

त्यांनी जन्मभर अंगठ्यानं पॉलिश केलं.
आरशाच्या टोप्या, हेडलाईटची भुवई,
टाकीच्या झाकणाभोवतीचा तो अरुंद गोल,
जिथं कुठलीच गादी पोचत नाही,
तिथं फडकं गुंडाळलेला एक अंगठा.
आता त्या अंगठ्याला चहाचा पेला तापलेला कळत नाही.
रेशन दुकानात ठसा उमटत नाही.
मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा.
ते पुन्हा ठेवतात.
मागची रांग खोकते.

दुसरी तीन इंची, वायरवाली, स्वस्त.
नुसती गरागरा फिरते.
एका जागी क्षणभर जास्त थांबली
की रंग तापतो, मऊ होतो, मग काही खरं नाही.
तिसरीही तीन इंची, बॅटरीवर.
फिरते आणि फिरता फिरता डुलते,
वरातीतल्या म्हाताऱ्यासारखी,
स्वतःभोवती एक, बाजाभोवती एक.

"एक नंबरवर चालू करा.
झटका देते का बघू."
नाही दिला.
मनगट उलटं करून धरली, डोक्याच्या वर धरली,
मडगार्डच्या आत हात घालावा तशी वाकडी धरली.
"हिच्या गाद्या इथं मिळतील ना?
का प्रत्येक स्पंजासाठी पुण्याला फोन?"
अप्पांनी खणातून स्पंज काढले,
नारंगी, पांढरा, काळा,
बत्ताशांसारखे ओळीनं मांडले.

मग मी पिशवीतून टॉवेल काढला,
टॉवेलातून आरशाची काळी टोपी.
अप्पा म्हणाले, "घरूनच पेपर घेऊन आलीस की!"
वाटाण्याएवढा मसाला लावला,
काउंटरवरच बसले.

आधी टोपीत दुकानातली ट्यूब
पाण्यात पडल्यासारखी थरथरत होती.
दोन हात फिरवले. वाकडीच.
वेग वाढवला, दाब कमी केला,
(हे उलटं वाटतं, पण असंच असतं)
आणि पुसून बघते तर
छतावरची ट्यूब, खालची ट्यूब,
दोन्ही सरळ.
तिच्यावर बसलेली माशीसुद्धा मोजून सहा पायांची.

हाताच्या मागच्या बाजूनं चाचपलं.
कोमट. भाकरी झाकून ठेवल्यावर असते तेवढी.
साडेसात हजाराचे सात केले.
अप्पा म्हणाले, "पाचशे तुज्या माशीला सोडले."

औसा रोडला आले तेव्हा खाजामियाँ
रिकाम्या डब्यावर बसून होते.
मशीन त्यांनी बघितलंच नाही.
टोपी घेतली. अंगठा फिरवला, थांबले,
मग ती गालाला लावली,
दाढीच्या वर, जिथं अजून कळतं.
बराच वेळ.

"हौ," म्हणाले.
"लेकिन किनारा मेरे कू देना."

धारेवर मी टेप मारून आणली होती.
नखानं टोक उचकटलं
आणि हळूच काढत गेले.