ब्रेमेनच्या गृहस्थांना उत्तर

श्रीयुत ओल्टमान्स,
तुमचं पत्र सात आठवड्यांनी पोचलं. खाडीत बर्फ होता.
तुम्ही लिहिता, लाल म्हणून घेतलेला दगड
आता उकडलेल्या माशासारखा पांढरा पडलाय,
पैसे परत पाठवा.

आधी सांगा, ठेवला कुठे होतात?
बँकेच्या लॉकरात, अशी माझी अटकळ.

तो माणिक नव्हे. टुगटुपाइट.
नावात रेनडिअर आहे, अंगात ताकद बेताची,
चाकूनं ओरखडा उठतो,
अंगठीत बसवू नका म्हणून मी बजावलं होतं
तेव्हा तुमची बोट भोंगा देत होती.
सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका, जरासं बेरिलियम
आणि पिंजऱ्यात कोंडलेला क्लोरीन:
हे शाळेत नाही शिकले मी.
कोपनहेगनहून खडक फोडायला येणाऱ्या पोरींना
रांधून वाढता वाढता कानावर पडलं.
त्या म्हणायच्या, अख्ख्या जगात दोन-तीनच जागी सापडतो.
आमच्या नार्सकला तो मेंढ्यांच्या वाटेवर असायचा.

एनोक, माझा नवरा, शरदात काळोख पडला की डोंगर चढायचा,
पाठीवर बॅटरी, हातात जांभळा दिवा.
दिवा जवळ नेला की करड्या खडकात शीर पेटायची
निखाऱ्यासारखी; हात लावाल तर गार.
पहाटे यायचा, खिसे फाटलेले,
आणि शिवायला मी.

तो गेल्यावर कॉफीचा डबा कपाटाखाली सारला.
दोन हिवाळे उघडला नाही.
उघडला तर सगळे फिके.
मलाही वाटलं, तुमच्यासारखंच, की संपलं.
टाकून द्यायला दारातल्या बर्फावर ओतले
तेवढ्यात बहिणीचा फोन,
कोळंबीच्या कारखान्यातलं कुणाचं तरी भांडण,
नावं, कोण काय म्हणालं, पुन्हा पहिल्यापासून.
बाहेर आले तर बर्फावर गुलाबी.
मी तशीच उभी, पायात नुसते मोजे.
मग सील कापल्यावर दिसतो तसा लाल.

तेव्हा दगड उन्हात ठेवा. मध्ये काच नको.
दुपारभर. ब्रेमेनला ढग असतील तर दुसऱ्या दिवशी.
पैसे छपराला लागले, ते परत येणार नाहीत.
पुन्हा लॉकरात घातलात तर पुन्हा उतरेल,
त्याबद्दल मला लिहू नका.
दुसऱ्या कशाबद्दल लिहा हवं तर.
टपाल सावकाश येतं, पण येतं.

बोलाट्टा