मुकं बटण

अंबडला आमच्या शेडमध्ये
लांब फळीवर खिळे ठोकलेले आहेत.
त्या खिळ्यांमधून वायरी फिरवायच्या,
तांबडी, करडी, पिवळीवर काळी रेघ,
आणि सगळ्यांना मिळून टेप गुंडाळायची,
बाळंतिणीच्या पोटाला पट्टा बांधतात तशी,
घट्ट, पण जीव गुदमरू नये इतपत.

स्टेशन नऊ माझं.
तपासायचं, हिरव्या पेनने ठिपका द्यायचा,
पुढे ढकलायचं.
पाळीला एकशे चाळीस ठिपके.

गाड्या चार प्रकारच्या निघतात, जुडगा एकच.
प्रमिला गांगुर्डे नवी होती, तिने विचारलं,
भामरेसाहेब, स्वस्तातल्या गाडीला धुक्याचे दिवेच नाहीत,
मग ही पिवळी-काळी तिच्यात कशाला?
भामरे म्हणाले, चार तऱ्हेचे जुडगे काढण्यापेक्षा
एकच काढलेला परवडतो.
मग दिवा नाही परवडत?
दिवाही परवडतो गं,
पण मग वरची गाडी कोण घेईल?
एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं.
चहाची किटली आली होती.

तर ती वायर बंपरपर्यंत जाते.
तिथे दिव्याच्या जागी गोल झाकण.
आणि डॅशबोर्डवर, बाकीच्या बटणांच्या ओळीत,
चित्र नसलेलं एक काळं बटण.
दाबलं तरी दबत नाही.
आम्ही बाया त्याला मुकं बटण म्हणतो.

मागच्या वर्षी आम्हीही गाडी घेतली.
मुंबई नाक्याच्या शोरूममध्ये पोराने कागद पुढे केला.
चार रकाने, त्यात बरोबरच्या खुणा आणि आडव्या रेघा.
आमच्या रकान्यात रेघाच रेघा,
शिडी करून कुठेतरी चढता आलं असतं.
फक्त एक लाख चाळीस हजार वर गेलात, तर मॅडम...
हे छताकडे बघत होते.
मी चाकाखालची लिंबं मोजत होते.

मग भाद्रपदात, भाच्याची परीक्षा कल्याणला.
पहाटे चारला पाथर्डी फाट्यावरून निघालो.
इगतपुरी गेली आणि घाटात
समोरचं सगळं पुसलं गेलं.
पांढरं. नुसतं पांढरं.
ह्यांनी काच खाली केली,
डोकं बाहेर काढून गाडी चालवू लागले.
भाचा मागे पुस्तक मिटून बसला.
आणि ह्यांचा अंगठा, कसा कुणास ठाऊक,
त्या मुक्या बटणावर गेला.
एकदा. परत एकदा.
हे कशाचं गं?
मी म्हटलं, समोर बघा.

तेवढ्यात एक गाडी पुढे गेली,
आमचीच, पण वरची.
तिचा उजेड खाली, रस्त्यालगत,
जोंधळ्याचं पीठ सांडावं तसा पसरलेला.
कडेचे दगड दिसले, पांढरी पट्टी दिसली.
आम्ही तिच्या मागे मागे उतरलो,
लग्नात पाहुण्याच्या ताटाकडे बघत
आपलं पान वाढायची वाट पाहावी तसे.
त्या गाडीतही माझा ठिपका असेल.
आमच्या गाडीत तर होताच,
झाकणामागे, चार बोटांवर.

खर्डीला चहाला थांबलो.
ह्यांनी उकिडवं बसून झाकणावर टिचकी मारली.
पोकळ आवाज आला.
आत वायर आहे, मी म्हणाले.
कधीपासून?
पहिल्यापासून.
ते बराच वेळ तसेच बसले,
बशीतला चहा निवेपर्यंत.
मग भाच्याला म्हणाले, चल, उशीर होईल.

सोमवारी पिवळ्या-काळीवर
ठिपका जरा मोठा पडला.
भामरेंनी पाहिला,
अंगठ्याने पुसून बघितला.
शाई पक्की असते ती.